गरब्याच्या मैदानावर टिकेल असा लॅपटॉप: साउंडवाल्यांसाठी चाळीस हजारांच्या आतली निवड

नवरात्रीला दोन महिने राहिले की एकच प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे येतात. यंदा बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या गल्लीतलाच एक आला. दोन वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली केबल ओढल्या, आता स्वतःचा छोटा डिजिटल मिक्सर घेतलाय, दोन टॉप आणि दोन बेस स्पीकर जमवलेत. "काका, चाळीस हजार बाजूला काढलेत. गेमिंगचा लॅपटॉप घेऊ का? दुकानात म्हणाले, त्यात सगळं पळतं."

"आपल्याला पळवायचं नाही रे," मी म्हटलं. "चार तास एका लयीत चालवायचंय."

त्याच्याशी झालेलं बोलणं इथे सविस्तर लिहितो आहे, कारण चुकीच्या लॅपटॉपची किंमत दुकानात कळत नाही. ती कळते नवलखीसारख्या मैदानावर, हजारो पावलं एकत्र पडत असताना. लॅपटॉपवरून सोडलेला ट्रॅक क्षणभर फाटतो आणि समोरचं सगळं रिंगण मान वळवून कन्सोलकडे, म्हणजे आमच्या मिक्सरकडे, बघतं. बडोद्याचा गरबा लाइव्ह वाद्यवृंदावर चालतो, एक गीत दुसऱ्यात मिसळत जातं, मध्ये थांबायला जागा नसते. इथे "जरा रीस्टार्ट करतो" म्हणायची सोय नाही.

वेग वेगळा, ठेका वेगळा

आवाज कॉम्प्युटरमधून सलग जात नाही, छोट्या तुकड्यांत जातो. या तुकड्याला आपण बफर म्हणतो. ४८ किलोहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला आवाजाचे ४८ हजार नमुने (सॅम्पल) घेताना, २५६ सॅम्पलचा बफर ठेवला तर दर ५.३ मिलिसेकंदांनी एक तुकडा तयार हवा. चार तासांच्या कार्यक्रमात असे २७ लाख तुकडे होतात. त्यातला एक उशिरा आला की 'टक्' ऐकू येतं, आणि रेकॉर्डिंग चालू असेल तर ती टक् कायमची त्यात राहते.

व्हिडिओ किंवा ऑफिसच्या कामात क्षणभर अडखळलं तर कुणाला कळत नाही, म्हणून बहुतेक लॅपटॉप सरासरी वेगासाठी बनवलेले असतात. आपल्याला सरासरीचा उपयोग नाही. तबलजीची बोटं किती द्रुत चालतात हा एक भाग आणि तो ठेका सोडत नाही हा दुसरा. साथीला बसवताना आपण दुसरं बघतो, तसंच इथेही बघायचं.

गेमिंगच्या लॅपटॉपमध्ये प्रोसेसर तगडा असतो यात शंका नाही. पण त्यातल्या वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारं छोटं सॉफ्टवेअर, पुष्कळदा मध्येच जास्त वेळ प्रोसेसर अडवून बसतो आणि नेमका तेव्हाच ऑडिओचा तुकडा चुकतो. शिवाय वजन जास्त, पंख्याचा आवाज जास्त, बॅटरी लवकर संपते. आपल्या कामाला न लागणाऱ्या ग्राफिक्सचे पैसे वर जातात.

पहिली पायरी: लॅपटॉप बघायच्या आधी वही काढा

ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि पुढचा सगळा घोळ तिथेच होतो. एका पानावर तुमच्याकडची आणि वर्षभरात भाड्यानं हाताखाली येणारी सगळी यंत्रं लिहा. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: त्याला कुठलं सॉफ्टवेअर लागतं, ते कुठल्या सिस्टिमवर चालतं आणि कुठल्या केबलनं जोडतात.

आमच्या त्या मुलाच्या पानावर काय आलं ते सांगतो. बेहरिंगर एक्स३२ त्याला वारंवार भेटतो. त्याचं एक्स३२-एडिट विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. कंट्रोलला नेटवर्क केबल आणि ३२ ट्रॅकच्या रेकॉर्डिंगला यूएसबी. मोठ्या मंडपात साउंडक्राफ्टचा यूआय२४आर असतो, त्याला तर सॉफ्टवेअरच नको, ब्राउझर पुरतो. वायरलेस माइकच्या फ्रिक्वेन्सी जुळवायला शुअरचं वायरलेस वर्कबेंच, तेही फुकट आणि विंडोज-मॅक दोन्हीकडे चालणारं. लाइन ॲरे, म्हणजे एकाखाली एक टांगलेले स्पीकर, कुठल्या कोनात टांगायचा याचं गणित तो ईज फोकसवर शिकतोय आणि ते फक्त विंडोजवर चालतं. ज्यांच्याकडून तो बेस भाड्यानं आणतो त्यांचे ॲम्प्लिफायर पॉवरसॉफ्टचे, त्यांचं आर्मोनियाप्लसही फक्त विंडोजचं. शेवटी एक जुना साउंड प्रोसेसर, ड्राइव्हरॅक २६०, जो कॉम्प्युटरशी आरएस-२३२ च्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टनं बोलतो.

पान भरलं आणि अर्धा निर्णय आपोआप झाला: विंडोज हवं, नेटवर्कचा पोर्ट हवा, साधे चौकोनी यूएसबी पोर्ट किमान दोन हवेत.

मॅकबद्दल इथेच बोलून घेतो. २०२० च्या अखेरीस आलेला एम१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर वापरलेला मिळत असेल आणि तुमचं काम फक्त रेकॉर्डिंगचं असेल, तर तो फार चांगला पर्याय आहे. त्याला पंखाच नाही आणि बरेचसे ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपमध्ये आवाज आणणारी-नेणारी पेटी) वेगळ्या ड्रायव्हरशिवाय चालतात. पण त्याची रॅम आणि डिस्क नंतर वाढत नाही, आणि पोर्ट फक्त दोन, तेही यूएसबी-सी. ॲपलनं २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून ३२ बिटची जुनी सॉफ्टवेअरं चालवणं बंद केलं, त्यामुळे जुन्या साउंड प्रोसेसरांची मॅकवरची ॲप्स एका फटक्यात निकामी झाली. विंडोज ११ वर तसली सॉफ्टवेअरं आजही सुरू होतात. भाड्याच्या धंद्यात कधी कुठलं जुनं यंत्र समोर येईल सांगता येत नाही, म्हणून मैदानावरच्या माणसाला मी विंडोजच सुचवतो.

दोन गोष्टी मात्र स्वस्त दिसल्या तरी घेऊ नका. एक म्हणजे क्रोमबुक. दुसरी म्हणजे स्नॅपड्रॅगन प्रोसेसरचे विंडोज लॅपटॉप. त्यांची बॅटरी अप्रतिम असते, साधी सॉफ्टवेअरंही चालतात. पण साध्या प्रोसेसरासाठी लिहिलेला ड्रायव्हर त्यांच्यावर बसत नाही, त्याला त्या जातीचा वेगळा ड्रायव्हरच लागतो. तुमच्या इंटरफेसच्या कंपनीनं तो काढला नसेल तर सगळं मुसळ केरात.

दुसरी पायरी: कडा तपासा

दुकानदार स्क्रीन उघडून दाखवतो. तुम्ही लॅपटॉप बंद करा आणि चारही कडा फिरवून बघा. साउंडच्या कामात खरी किंमत तिथे आहे.

अंगचा नेटवर्क पोर्ट, म्हणजे आरजे-४५, असलेलाच लॅपटॉप घ्या. मिक्सर, ॲम्प्लिफायर, वायरलेस रिसीव्हर, सगळेच आता नेटवर्कवर बोलतात. यूएसबीला लावायचा नेटवर्क अडॅप्टर कंट्रोलपुरता चालून जातो, पण दान्ते, म्हणजे नेटवर्क केबलवरून आवाज नेणारी पद्धत, वापरणार असाल तर अंगचाच पोर्ट हवा, आणि तो गिगाबिटचा हवा. दान्तेचा ऑडिओ वायफायवरून चालत नाही. लॅपटॉपवर टाकायचं दान्ते व्हर्च्युअल साउंडकार्ड हे सॉफ्टवेअर ४८ किलोहर्ट्झवर ६४ चॅनल येण्याचे आणि ६४ जाण्याचे पेलतं, पण त्यासाठी नेटवर्क कार्डाच्या सेटिंगमधली आणि स्विचमधली 'एनर्जी एफिशिअंट इथरनेट' ही वीज वाचवणारी सोय बंद करावी लागते. ती चालू राहिली तर दोन तास सगळं छान चालतं आणि मग यंत्रांना एका तालात ठेवणारं घड्याळ घसरायला लागतं.

यूएसबीच्या बाबतीत नव्या आणि जलद पोर्टच्या मागे लागायचं कारण नाही. ३२ चॅनल, २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ याला एका दिशेनं सेकंदाला साधारण ३७ मेगाबिट लागतात आणि जुनं यूएसबी २ कागदावर ४८० मेगाबिटचं आहे. महत्त्वाचं हे की इंटरफेस थेट लॅपटॉपला लागला पाहिजे, हबमधून नको. म्हणून किमान दोन चौकोनी पोर्ट: एक इंटरफेसला, एक बाहेरच्या डिस्कला किंवा डाँगलला. पोर्टमध्ये पिन घालून हलकी हलवून बघा. ढिला पोर्ट असेल तर तो लॅपटॉप तिथेच ठेवा, मग प्रोसेसर कितीही चांगला असो. समोर बेस वाजत असताना टेबल थरथरतं आणि ढिली पिन तासाभरात सरकते.

सीरियल पोर्ट आताच्या लॅपटॉपमध्ये मिळत नाही, त्याला यूएसबीचा अडॅप्टर घ्यावा लागतो. तो एफटीडीआय चिपचा, खात्रीच्या दुकानातून घ्या. बाजारात प्रोलिफिक चिपच्या नकला फार आहेत आणि नवा ड्रायव्हर त्या ओळखून चालवायलाच नकार देतो. एकदा माझा असाच नकली अडॅप्टर ऐन साउंडचेकला बंद पडला. पूर्ण दुपार मी साउंड प्रोसेसर बिघडला असं समजून त्याची केबल तपासत बसलो होतो. तेव्हापासून अडॅप्टर आणला की त्याच्यावर मार्करनं तारीख घालतो आणि घरी एकदा प्रोसेसरशी जोडून बघितल्याशिवाय पेटीत टाकत नाही.

तिसरी पायरी: आतलं सामान

इथे फार खोलात जायची गरज नाही. तीन गोष्टी पुरतात.

प्रोसेसर इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा पुढचा घ्या. याला दोन कारणं आहेत. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. शिवाय सातव्या पिढीपर्यंत पातळ लॅपटॉपमधल्या आय५ ला दोनच कोअर होते, आठव्या पिढीत ते चार झाले. पिढी ओळखायची तर आकडा वाचा: आय५-७२००यू सातव्या पिढीचा, आय५-८३५०यू आठव्या, आय५-१०३१०यू दहाव्या, आय५-११३५जी७ अकराव्या. "आय५ आहे, आय५ आहे" एवढंच दुकानदार म्हणत राहिला तर पुढचा आकडा विचारा. तो न सांगता दुसरा लॅपटॉप पुढे करू लागला तर उत्तर मिळालं असं समजा.

रॅम १६ जीबी. ८ जीबीवर कंट्रोलची कामं आणि रेकॉर्डिंग निभावतं, पण मोजमापाचं सॉफ्टवेअर, वायरलेसचं सॉफ्टवेअर आणि ब्राउझर एकाच वेळी उघडे असले की ओढाताण होते. रॅम बोर्डावर डकवलेली नसून खाचेत बसणारी असेल तर आज ८ वर घेऊन पुढच्या मोसमात वाढवता येते.

डिस्क एसएसडीच हवी. फिरणारी हार्ड डिस्क वेगात कमी पडते असं नाही, पण बेसच्या थरथराटात तिची सुई वारंवार जागा शोधत बसते. किती मोठी हवी याचा हिशेब मांडतो, कारण हा हिशेब न केल्यानं तिसऱ्या रात्री डिस्क भरलेली मी पाहिली आहे. ३२ चॅनल, ४८ हजार सॅम्पल, प्रत्येकी तीन बाइट: सेकंदाला ४.६ एमबी, तासाला साधारण १६.६ जीबी. चार तासांचा गरबा ६६ जीबी. नऊ रात्री मिळून जवळजवळ ६०० जीबी. म्हणजे ५१२ जीबीच्या डिस्कवर नऊ रात्री मावत नाहीत. लॅपटॉपमध्ये ५१२ ठेवा आणि बाहेर एक टीबीची एसएसडी ठेवा. रोज रात्री सामान भरण्याआधी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग बाहेरच्या डिस्कवर उतरवा. कन्सोलमध्येच एसडी कार्डावर रेकॉर्ड करणारं कार्ड असेल तर लॅपटॉपवरचं ओझं आणखी कमी होतं.

स्क्रीनबद्दल एवढंच की ती चकचकीत नको, मॅट हवी. साउंडचेक दुपारी चारला असतो. स्वस्त स्क्रीनचा उजेड साधारण २५० निट असतो आणि मोकळ्या मैदानात तिच्यात स्वतःचा चेहराच दिसतो. ३०० च्या वरची मिळाली तर बरं, नाहीतर पुठ्ठ्याची एक झडप कापून लॅपटॉपवर उभी करा. मी अजूनही तेच करतो.

नवा की वापरलेला?

चाळीस हजारांत माझं मत स्पष्ट आहे: ऑफिसांतून बाहेर पडलेला, व्यवस्थित तपासलेला बिझनेस लॅपटॉप घ्या. त्या किमतीतल्या नव्या लॅपटॉपमध्ये नेटवर्क पोर्ट बहुधा गायब असतो, सांगाडा प्लास्टिकचा असतो आणि बऱ्याचदा रॅम डकवलेली असते. काही नवे लॅपटॉप विंडोजच्या 'एस मोड'मध्ये येतात, ज्यात फक्त स्टोअरमधली ॲप्स बसतात. तो मोड फुकट काढता येतो, पण काढायचा असतो हे माहीत हवं.

लेनोवो थिंकपॅड टी४८०, डेल लॅटिट्यूड ५४०० किंवा ५४२०, एचपी एलिटबुक ८४० जी५, या घराण्यांवर माझा भरवसा आहे. चौघांनाही नेटवर्क पोर्ट आहे. टी४८० मला जास्त आवडतो: रॅमच्या दोन खाचा, एक बॅटरी आत आणि एक मागे काढता-घालता येणारी. जनरेटर बदलताना मागची बॅटरी चालू लॅपटॉपमध्ये बदलता येते ही सोय मैदानावर अमोल आहे.

फर्म जीएसटीत नोंदलेली असेल तर पक्कं बिल फर्मच्या नावानं घ्या. लॅपटॉपवर १८ टक्के कर आहे आणि त्याचा क्रेडिट मिळतो. कच्च्या बिलावर हजार-दोन हजार वाचल्यासारखे वाटतात, पण वॉरंटी आणि क्रेडिट दोन्ही हातचं जातं.

चौथी पायरी: पैसे देण्याआधीची परीक्षा

त्या मुलाबरोबर मी सयाजीगंजातल्या एका दुकानात गेलो तेव्हा आमच्या पिशवीत इंटरफेस, हेडफोन, एक नेटवर्क केबल, छोटा राउटर आणि सॉफ्टवेअर भरलेला पेन ड्राइव्ह होता. दुकानदार आधी बावरला. "भाई, अर्धा तास द्या. जमलं तर आजच घेऊन जातो," म्हटल्यावर त्यानं टेबल मोकळं करून दिलं. भला माणूस असेल तर तपासू देतो. जो तपासू देत नाही त्याच्याकडून वापरलेला लॅपटॉप घेऊ नका.

आधी बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधीच्या मूळ सेटिंगमध्ये, शिरलो. तिथे पासवर्ड मागितला तर तो जुन्या ऑफिसचा राहिलेला असतो आणि तो लॅपटॉप पूर्णपणे तुमचा होत नाही. मग विंडोजच्या अकाउंटच्या सेटिंगमध्ये पाहिलं की कुठल्या कंपनीचं अकाउंट जोडलेलं राहिलंय का. कंपनीच्या यादीत अडकलेला लॅपटॉप, विंडोज नव्यानं टाकल्यावर इंटरनेट मिळताच त्या कंपनीचा लॉगिन मागतो. शक्य असेल तर विंडोज तुमच्यासमोर नव्यानं टाकून घ्या.

मग बॅटरी. कमांडच्या काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी, जागा सोडून तिरकी रेघ आणि बॅटरीरिपोर्ट असं टाइप केलं की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्जची क्षमता असे दोन आकडे असतात. आजचा आकडा मूळच्या ७० टक्क्यांखाली असेल तर बॅटरी बदलून मागा किंवा तेवढी किंमत कमी करून घ्या. एसएसडीची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फोवर दिसते.

आता खरी परीक्षा. लेटन्सीमॉन हे छोटं सॉफ्टवेअर चालू केलं, वायफाय चालू, चार्जर लावलेला. कुठला ड्रायव्हर प्रोसेसर किती वेळ अडवतो ते यात दिसतं. पहिली काही मिनिटं हिरवी पट्टी सरळ राहिली, मग एकदम लाल. नाव आलं वायफायच्या ड्रायव्हरचं. मुलाचा चेहरा पडला. मी वायफाय बंद करायला सांगितलं आणि परत सुरू केलं. पुढची वीस मिनिटं पट्टी हलली नाही. वायफायचा दोष असेल तर तो ड्रायव्हर बदलून किंवा कार्यक्रमाच्या वेळी वायफाय बंद ठेवून सुटतो, त्यामुळे लॅपटॉप नापास होत नाही. पण सगळं बंद करूनही बॅटरीचा किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर लाल होत राहिला तर तो लॅपटॉप आपल्या कामाचा नाही. चार्जर काढून एकदा आणि लावून एकदा, दोन्ही वेळा ही परीक्षा करा. काही लॅपटॉप चार्जरवर शहाण्यासारखे वागतात आणि बॅटरीवर हट्टीपणा करतात.

शेवटी इंटरफेस जोडला, त्याच्या कंपनीचा ॲसिओ, म्हणजे ऑडिओसाठीचा खास, ड्रायव्हर टाकला, रीपर हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर उघडलं आणि २५६ च्या बफरवर ट्रॅक वाजवत दहा मिनिटं हेडफोन लावून बसलो. रीपर ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं आणि छोट्या धंद्यासाठी त्याचं लायसन्स ६० डॉलरचं आहे. मग राउटरला नेटवर्क केबल लावून जोड १ गिगाबिटचा दिसतोय ना ते पाहिलं. त्यानंतरच मुलानं खिशात हात घातला.

पाचवी पायरी: घरी आणल्यावर

हा लॅपटॉप फक्त साउंडचा. त्यावर घरचे फोटो नकोत, बहिणीच्या लग्नाचं एडिटिंग नको, क्रॅक केलेले प्लगइन तर अजिबात नकोत. ज्या फाइलींनी क्रॅक होतं त्याच फाइलींतून घाण आत येते, आणि ती कार्यक्रमाच्या मध्यावर जागी होते.

पॉवर प्लॅन 'हाय परफॉर्मन्स'वर ठेवा. यूएसबीची 'सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा, नाहीतर विंडोज पोर्टची वीज मध्येच कमी करतं. झाकण मिटल्यावर 'काही करू नका' निवडा. विंडोजचे स्वतःचे आवाज बंद करा, कारण बॅटरी संपत आल्याचा 'टिंग' मुख्य स्पीकरवर जाऊ शकतो. अपडेट कार्यक्रमाच्या आठवडाभर आधी स्वतः बसून पूर्ण करा, मग थांबवा, आणि अपडेटनंतर लेटन्सीमॉन परत चालवा. काम झाल्यावर अपडेट पुन्हा चालू करायला विसरू नका.

नेटवर्कच्या पोर्टला स्थिर पत्ता द्या. मिक्सर १९२.१६८.१.५० वर असेल तर लॅपटॉप १९२.१६८.१.६० वर ठेवा, सबनेट दोघांचं सारखं. हे आकडे कागदावर लिहून झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. गडबडीत राउटर बंद पडला तरी एक केबल थेट मिक्सरला लावून तुम्ही काम चालू ठेवू शकता. गर्दीत २.४ गिगाहर्ट्झचा वायफाय हजारो फोनांखाली दबतो, म्हणून टॅबलेटसाठीही राउटर ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, आणि लॅपटॉप मात्र नेहमी केबलवर.

साउंड मोजणं शिकायचं असेल तर रूम ईक्यू विझार्ड फुकट आहे आणि सुरुवातीला पुरेसं आहे. एक मेझरमेंट माइक आणि दोन इनपुटचा इंटरफेस हवा, एका इनपुटवर माइक आणि दुसऱ्यावर कन्सोलमधून येणारा मूळ सिग्नल. डेसिबलचा आकडा मात्र ९४ डेसिबलच्या कॅलिब्रेटरशी जुळवल्याशिवाय कुणाला दाखवू नका, विशेषतः पोलिसांना. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि न जुळवलेला माइक दहाचा फरकही सहज दाखवतो.

वीज आणि घों

लॅपटॉपचा हेडफोनचा आवाज मिक्सरला दिला की 'घों' येतो, चार्जर काढला की जातो. हे सगळ्यांनी अनुभवलंय. यावर चार्जरच्या किंवा ॲम्प्लिफायरच्या प्लगमधली अर्थची पिन काढून टाकणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून हे कधीही करू नका. मंडपात लोखंडी ट्रस, ओली जमीन आणि माइकला ओठ लावून गाणारा माणूस असतो, आणि तो अर्थ त्याच्यासाठी आहे.

बरोबर उपाय स्वस्त आहे. लॅपटॉप आणि मिक्सर यांच्यामध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स घाला. त्यानं दोन यंत्रांतला विजेचा थेट संबंध तुटतो आणि आवाज तेवढा पलीकडे जातो. यूएसबीची केबल हा संबंध तोडत नाही, त्यामुळे यूएसबीवरही घों येऊ शकतो. साध्या, आवरण नसलेल्या नेटवर्क केबलच्या दोन्ही टोकांना पोर्टमध्येच छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, म्हणून दान्तेवर हा त्रास सहसा होत नाही. शक्य असेल तिथे लॅपटॉप आणि कन्सोल एकाच बोर्डवरून चालवा. कन्सोलला यूपीएस हवाच. लॅपटॉपला बॅटरी आहे, कन्सोलला नाही.

गरब्यात घों ढोलाखाली लपतो, बैठकीत लपत नाही. सुरसागरजवळ आमची परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी आहे, जिची मुळं १८८६ साली सयाजीरावांच्या काळात मौलाबक्षांनी सुरू केलेल्या गायनशाळेत आहेत. तसल्या ठिकाणी तानपुरे लागलेले असताना रेकॉर्डिंग करायला बसलं की लॅपटॉपचा पंखासुद्धा माइकमध्ये येतो. अशा कामाला मी लॅपटॉप दुसऱ्या खोलीत ठेवतो आणि लांब नेटवर्क केबलनं जोडतो. ते जमत नसेल तर प्रोसेसरचा सर्वांत जास्त वेग सेटिंगमधून ९९ टक्क्यांवर आणतो. त्यामुळे तो वरचा जादा वेग घेत नाही, तापत कमी आणि पंखा शांत राहतो. रेकॉर्डिंगला तेवढा वेग पुरून उरतो.

पैशांची वाटणी

आमच्या त्या गल्लीतल्या मुलानं चाळीस हजार असे वाटले: निम्म्याहून थोडे अधिक लॅपटॉपला, उरलेल्यातून बाहेरची एसएसडी, खात्रीचा सीरियल अडॅप्टर, डीआय बॉक्स, दुसरा चार्जर आणि जाड कापडाची बॅग. सगळे पैसे लॅपटॉपवर घालून बाकी सामान उधारीवर आणलं असतं तर पहिल्याच रात्री एखाद्या चार्जरपायी अडला असता. दुसरा चार्जर मी प्रत्येकाला घ्यायला लावतो. मैदानावर चार्जर हरवतो, पायाखाली येतो, कुणीतरी मागून घेतो.

सगळं बसवून झाल्यावर त्याला संपूर्ण डिस्कची एक प्रतिमा बाहेरच्या एसएसडीवर काढून ठेवायला लावली आणि ती परत उतरवण्याचा पेन ड्राइव्हही करून ठेवला. उतरवायला किती वेळ लागतो हे घड्याळ लावून बघितलं: पंचवीस मिनिटं. तो आकडा त्यानं पेन ड्राइव्हला बांधलेल्या चिठ्ठीवर लिहिला आणि रॅकच्या वरच्या कप्प्यात, टॉर्चशेजारी ठेवून दिला.